चतुर पंडिताची चौकट

सोळाव्या शतकात खानदेशावर फारुकी घराण्याचे राज्य होते आणि त्यांचे बऱ्हाणपूर ही उत्तर व दक्षिण यांच्या वाटेवरची भरभराटीची पेठ होती. या घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयाला पुंडरीक विठ्ठल नावाचा एक कर्नाटकी पंडित आला. उत्तरेकडील गवयांचे गाणे एका वाटेने चालले आहे आणि शास्त्राची पोथी दुसऱ्याच वाटेने, हे त्याच्या ध्यानात आले. दक्षिणेत रुळलेली मेळांची कल्पना हाताशी धरून त्याने उत्तरेच्या रागांची मांडणी केली आणि सद्रागचंद्रोदय हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती पडला, फारुकींचे राज्य संपले आणि खानदेशच्या या ग्रंथाची आठवण खुद्द खानदेशालाही उरली नाही. सुमारे तीन शतकांनंतर त्याची पोथी मिळवून ती छापून काढणारा गृहस्थ मुंबईचा एक वकील होता. त्याचे नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे.

भातखंडे यांचे नाव आपल्याकडे संगीताच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. ते बहुधा परीक्षेतील टिपेच्या रूपाने. प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र आहे आणि गाण्याशी त्याचा संबंध श्रोत्यापलीकडे जात नाही. तरीही या पुरुषाच्या चरित्राकडे वळावे असे वाटले, याला कारण संगणक आहे. महाविद्यालयांतून आता वाणिज्य आणि कला शाखेची मुलेही संगणकाच्या आज्ञावली लिहायला शिकतात, आणि या क्षेत्रात काही वर्षांच्या अंतराने एखादी नवी भाषा, आज्ञावली रचण्याचे एखादे नवे व्यासपीठ उभे राहते. ते उभे राहिले की त्याच्या कर्त्यांपुढे एकच पेच येतो. नियम आधीच घालून द्यावेत की लोकांना काही काळ मनासारखे वागू द्यावे? नियम लवकर घातले तर ज्यांना काही नवे सुचणार होते त्यांचे हात बांधले जातात. उशीर केला तर ज्याचे त्याचे संकेत वेगळे होतात आणि एकाचे काम दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

या दुसऱ्या आपत्तीचा अनुभव मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. संगणकावर देवनागरी आली तेव्हा अक्षरवळणे तयार करणाऱ्या प्रत्येक कंपनीने अक्षरांना आपापले क्रमांक दिले. एका कचेरीत टंकलेले परिपत्रक दुसऱ्या कचेरीत उघडले की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. भारतीय लिपींसाठी १९९१ साली राष्ट्रीय मानक ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तरीही सामान्य कारकुनाची या त्रासातून सुटका व्हायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर संकेत ही अशी वस्तू आहे की तिचे वापरणारे जितके अधिक तितकी ती प्रत्येकाला अधिक उपयोगी. पाचोरा-जामनेर मार्गावरची अडीच फुटी रुळांची गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळ्या रीतीने पटेल. ती गाडी चांगलीच होती. परंतु पाचोऱ्याच्या पुढे तिचा डबा जाऊ शकत नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानी संगीत असेच पाचोऱ्यापाशी अडून राहिले होते.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. १८८५ साली ते पदवीधर झाले, १८८७ साली कायद्याची परीक्षा उतरले, काही काळ कराचीस आणि पुढे मुंबईत त्यांनी वकिली केली. विद्यार्थिदशेतच ते सतार शिकले होते. परंतु त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते १८८४ च्या सुमारास, गायन उत्तेजक मंडळीत प्रवेश केल्यावर. ही मंडळी पारशी गृहस्थांनी १८७० साली स्थापन केली होती. तेथे गवई येत, मेहनताना घेऊन शिकवीत, आणि ऐकणारे शिकलेले व्यापारी-वकील प्रश्न विचारीत. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून भातखंडे यांनी ध्रुपदे घेतली. जयपूरच्या मनरंग परंपरेतील मुहम्मद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशक अली यांच्याकडून ख्यालांचा मोठा साठा मिळवला; त्यासाठी त्या काळी नवाच असलेल्या फोनोग्राफचाही उपयोग केला. १९०० साली त्यांची पत्नी निवर्तली, थोड्याच वर्षांत एकुलती मुलगीही गेली. त्यानंतर संसार म्हणून उरला तो या चिजांचा आणि पोथ्यांचाच.

गोळा करता करता त्यांना जे दिसले ते एखाद्या वकिलाला अस्वस्थ करणारे होते. एकाच नावाचा राग दोन घराण्यांत दोन प्रकारे गायिला जाई. एक ऋषभ कोमल लावी तर दुसरा शुद्ध, आणि दोघेही आपलेच खरे म्हणून शपथ घेत. आधार विचारला तर उत्तर एकच, आमच्या वडिलांनी असेच शिकवले. दुसरीकडे पंडितवर्ग तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या संगीतरत्नाकराचे दाखले देई. पण त्यातले ग्राम, मूर्च्छना आणि जाती यांचा चालू गाण्याशी मेळ कसा घालायचा हे कोणालाच दाखवता येत नसे. कायदा एक आणि वहिवाट दुसरी, अशी ही स्थिती. भातखंडे यांनी जो निर्णय केला तो त्यांच्या सगळ्या कार्याचा पाया आहे. वहिवाट प्रमाण मानायची आणि तिच्यावरून नवा कायदा लिहायचा. संगीतशास्त्राच्या परिभाषेत प्रत्यक्ष व्यवहाराला लक्ष्य आणि ग्रंथोक्त नियमाला लक्षण म्हणतात. १९१० साली चतुर पंडित या टोपणनावाने त्यांनी प्रसिद्ध केलेल्या संस्कृत ग्रंथाचे नाव श्रीमल्लक्ष्यसंगीतम् असे आहे. नावातच भूमिका आली.

नवा कायदा लिहिण्यासाठी संस्कृत श्लोकांची गरज काय, असे कोणी विचारील. त्यात पंडितांचा स्वभाव ओळखण्याची चतुराई होती हे उघड आहे. मराठी बोलीत सांगितलेला नियम ज्यांनी धुडकावला असता, त्यांना श्लोकाचा आधार नाकारणे जड गेले. स्वतःच टोपणनावाने संस्कृत सूत्रे रचायची आणि मग विष्णु शर्मा या दुसऱ्या टोपणनावाने मराठीत त्यांचे विवरण करायचे, ही युक्ती आजच्या संशोधनाच्या नीतिनियमांत बसेल असे वाटत नाही. मात्र हे विवरण, म्हणजे हिंदुस्थानी संगीत पद्धती हा चार भागांचा ग्रंथ, मराठी गद्याचा एक दुर्लक्षित ठेवा आहे. गुरुशिष्य-संवादाच्या रूपाने लिहिलेल्या त्या हजारो पानांत मतभेद लपवलेले नाहीत. अमुक गवई हा राग असा गातो, तमुक तसा, आणि आपण अमुक रूप का स्वीकारावे, याची चर्चा शिष्याच्या शंकांसह पुढे जाते. न्यायाधीशाने निकालपत्रात दोन्ही पक्षांचे म्हणणे नोंदवावे, तशी ही पद्धत आहे.

१९०४ साली ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा करीत एट्टयापुरम येथे सुब्बराम दीक्षित यांना भेटले. सतराव्या शतकातील व्यंकटमखीच्या चतुर्दंडीप्रकाशिकेतील बहात्तर मेळांची योजना त्यांना या प्रवासात हाती लागली. पुढे १९०७ आणि १९०८ या वर्षांत हैदराबाद, विजयनगरम, कलकत्ता, अलाहाबाद, काशी, बिकानेर असा मोठा प्रवास झाला. जेथे जात तेथील पंडितांना आणि गवयांना ते प्रश्नांची सरबत्ती करीत आणि रात्री रोजनिशी लिहून ठेवीत. रेल्वेचे जाळे नसते तर हे सर्वेक्षण एका माणसाच्या हयातीत होणे शक्य नव्हते.

बहात्तर मेळांची योजना हा गणिताचा चोख नमुना आहे. बारा स्वरांतून सात स्वर ठरावीक नियमांनी निवडले तर जेवढे संच होऊ शकतात तेवढे सारे तिच्यात आले. अशी परिपूर्ण चौकट हाती आल्यावर दुसऱ्या कोणीही ती उचलून उत्तरेच्या संगीतावर बसवली असती. भातखंडे यांनी तसे केले नाही. उत्तरेत प्रत्यक्ष गायिले जाणारे राग त्यांनी समोर ठेवले आणि त्यांतील बहुतेकांची सोय लावायला किती मेळ पुरतात हे पाहिले. उत्तर आले दहा. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे ते दहा थाट. बाकीचे मेळ शक्य आहेत पण वापरात नाहीत, म्हणून आज त्यांची गरज नाही, असा हा हिशेब. शुद्ध स्वरांचा पाया म्हणूनही त्यांनी जुन्या ग्रंथांतील काफीसदृश सप्तक न घेता बिलावल घेतला, कारण त्यांच्या काळाचा गवई आणि पेटीवाला शुद्ध स्वर म्हणून तेच वाजवीत होता.

गणितदृष्ट्या अपुरी पण व्यवहारात पुरेशी, अशी ही रचना आहे आणि तिचे दोष मोजायला फार विद्वत्ता लागत नाही. ललित रागात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. त्याला मारव्याच्या थाटात बसवताना ओढाताण होते. अहिर भैरवात पूर्वांग भैरवाचे आणि उत्तरांग काफीचे. तो पूर्णपणे कोठेच मावत नाही. चारुकेशी, कीरवाणी यांसारखे राग पुढे दक्षिणेतून उत्तरेत रुळले आणि त्यांना या दहांत घर मिळाले नाही. टीकाकारांनी हे सर्व वेळोवेळी सांगितले आहे व ते बरोबर आहे. पण थाट हे वर्गीकरणाचे कपाट आहे, गाण्याचा परवाना नव्हे, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. चारुकेशी कोणत्या खणात ठेवायचा हे ठरले नाही म्हणून कोणी तो गायचा थांबला नाही.

संगणकाच्या जगात याला एक समांतर घटना आहे आणि ती जाणकारांना परिचित असेल. सी ही आज्ञावलीची भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडवली. तिला अधिकृत मानक मिळाले १९८९ साली. मधली सतरा वर्षे लोक ती वापरीत होते, आपापल्या यंत्रांवर तिला थोडीफार वाकवीत होते; १९७८ साली कर्निघन आणि रिची यांनी लिहिलेले पुस्तक हाच काय तो सामाईक आधार होता. १९८३ साली समिती बसली तेव्हा तिच्यापुढे कोरा कागद नव्हता, वापराने घासून गुळगुळीत झालेली भाषा होती. समितीने मुख्यतः रूढ असलेलेच लिहून काढले, आणि ज्या बाबतीत यंत्रायंत्रांत फरक पडणे अटळ होते त्या काही बाबी मानकातच मुद्दाम मोकळ्या सोडल्या. व्यंकटमखीच्या मार्गाने, म्हणजे आधी परिपूर्ण आराखडा आणि मग त्यात व्यवहार, अशा रीतीने जाणाऱ्या भाषाही झाल्या. त्यांचे कौतुक झाले, अभ्यासही झाला. बाजारपेठेत मात्र बहुधा पहिल्या पद्धतीची सरशी झालेली दिसते.

आमच्या मेहरूणच्या शेतकऱ्याला हे बोरांवरून कळते. मेहरूण हे बोराच्या एका जातीचे नाव झाले आहे. बी लावून उगवलेल्या बोरीला कसे फळ येईल याचा भरवसा नसतो. एक गोड निघेल, दुसरी तुरट. हमखास तेच फळ हवे असेल तर गावठी खुंटावर निवडक झाडाचा डोळा भरावा लागतो. परंतु डोळा कोणत्या झाडाचा घ्यायचा हे कळण्यासाठी आधी बियांवरची पुष्कळ झाडे वाढू द्यावी लागतात आणि त्यांची बोरे खाऊन पाहावी लागतात.

आता लिपीकडे वळू. भातखंडे यांच्या आधी स्वरलेखनाचे प्रयत्न झाले होते. बडोद्यास मौलाबक्ष यांनी एकोणिसाव्या शतकातच आपली लिपी आणि शाळा चालवली होती. भातखंडे यांच्या लिपीचे वैशिष्ट्य तिच्या काटकसरीत आहे. सा रे ग म ही देवनागरी अक्षरेच घ्यायची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांच्या खाली कंस, समेला गुणिलेचे चिन्ह, खालीला शून्य. एवढ्यावर काम भागते. शाळेतल्या मुलाला ती एका बैठकीत समजते, आणि गावच्या छापखान्यालाही ती फार जड जाणारी नाही. त्याच सुमारास विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून स्वतःची वेगळी लिपी चालवली होती. तिच्यात कोमल स्वराला हलन्ताचे चिन्ह, मंद्राला वर टिंब आणि तारेला वर उभी रेघ. मात्रांचे सूक्ष्म अंश दाखवण्याची सोय तिच्यात अधिक होती. परंतु चिन्हेही त्या मानाने अधिक. म्हणजे एकाच वेळी दोन मराठी माणसांनी एकाच संगीतासाठी दोन मानके चालवली, आणि त्यात वरचे टिंब एकाकडे तार तर दुसऱ्याकडे मंद्र! आजही संगीताच्या परीक्षार्थीला दोन्हींची ओळख करून घ्यावी लागते. प्रमाणीकरणाच्या भक्तांनी हे ध्यानात ठेवावे, की मानक ठरवणारे दोघे झाले की मानकांचाच बाजार सुरू होतो.

या लिपीने काय टिपले आणि काय सोडले, हा प्रश्न खरा महत्त्वाचा. दरबारी कानड्यातला गंधार आणि भीमपलासीतला गंधार, दोन्ही कोमल, दोन्हींच्या खाली तीच रेघ. पण दरबारीचा गंधार खाली झुकलेला आणि आंदोलित असतो. तो गुरूच्या तोंडून ऐकल्याशिवाय येत नाही. कागदावरची रेघ दोघांना सारखे करून टाकते. श्रुतिवाद्यांचा आक्षेप हाच होता. निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी नोकरीतले क्लेमंट्स साहेब यांनी बावीस श्रुती मोजून मांडण्याचा उद्योग केला होता, त्यासाठी खास पेटी बनवून घेतली होती, आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे त्यांना साहाय्य होते. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यात यावर मोठा वाद झाला. भातखंडे यांचा कल स्पष्ट होता. चालू व्यवहारात बारा स्वर पुरे. बारीक भेद गळ्यावर आणि गुरूवर सोडावेत. ही भूमिका स्थूल आहे, असे म्हणता येईल. परंतु सूक्ष्म भेद नियमात बांधले असते तर प्रत्येक घराण्याचा गंधार सरकारी मोजमापाने तपासण्याची पाळी आली असती. जे मोजता येत नाही ते न मोजता सोडून देणे, हाही प्रमाणीकरणाच्या शहाणपणाचाच भाग म्हणावा लागेल.

बडोद्यानंतर १९१८ साली दिल्ली, १९१९ साली काशी आणि नंतर लखनौ येथे परिषदा भरल्या. गवई, बीनकार, संस्थानिक, वकील एका मंडपात बसले आणि एखाद्या रागाचा कोणता स्वर घ्यावा यावर तासन्‌तास बोलले. एकमत क्वचितच झाले. पण ज्या घराण्यांचे गायक एरवी एकमेकांसमोर तोंड उघडायला तयार नसत त्यांनी आपापली रूपे सर्वांसमोर गाऊन दाखवली, हे या परिषदांचे फळ कमी नव्हे.

येथे एका कटू विषयाला हात घालणे भाग आहे. चीज ही उस्तादाची मालमत्ता होती. जमीनजुमला नसलेल्या कलावंत कुटुंबात खानदानी चिजा हेच भांडवल. त्या मुलाला वारशाने मिळत आणि प्रसंगी मुलीच्या लग्नात आंदण म्हणूनही दिल्या जात. घरची चीज परक्याला न शिकवणे याला संकुचितपणा म्हणणे सोपे आहे. पण ज्याला निवृत्तिवेतन नाही त्याने आपली ठेव उधळून द्यावी, असे म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या ठेवीचा विचार करावा. भातखंडे यांनी क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांतून एक हजाराहून अधिक चिजा स्वरलिपीसह छापल्या. त्या त्यांनी रीतसर शिकून, दक्षिणा देऊन, रामपूरसारख्या दरबारात वजीर खाँसारख्यांचे शिष्यत्व पत्करून मिळवल्या होत्या, यात वाद नाही. परंतु पुस्तकाच्या बाजारात आलेली चीज पुन्हा घराण्याच्या पेटीत जात नाही. रुपया-दोन रुपयांत कोणीही ती घेऊ लागला आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या घराचा मक्ता संपला. मिरासदारीच्या जागी शिक्षकाची नोकरी आली, तीही ज्याला लिहिता-वाचता येते त्याला अधिक सुलभपणे मिळणारी. निरक्षर उस्तादाचा तोटा आणि मध्यमवर्गीय पदवीधराचा लाभ असा हा व्यवहार होता. भातखंडे यांचे गुणगान करणाऱ्या लेखांत ही खर्चाची बाजू बहुधा येत नाही.

जमेच्या बाजूला काय पडले तेही तितकेच मोठे आहे. ज्या उस्तादांना पुत्र वा शिष्य नव्हते त्यांच्या चिजा त्यांच्याबरोबर गेल्या असत्या. गवयांच्या घरी ज्यांना प्रवेश मिळणे अशक्य होते अशा घरांतल्या मुली आणि खेड्यांतली मुले पुस्तकाच्या आधाराने निदान उंबरठ्यापर्यंत आली. आज संगणकाच्या क्षेत्रात आपली आज्ञावली जगासाठी खुली ठेवणाऱ्यांची मोठी चळवळ आहे आणि तिच्यातही हाच प्रश्न धुमसत असतो: खुल्या केलेल्या श्रमाचा मोबदला कोणी आणि कसा द्यायचा? भातखंडे यांच्या काळी संस्थानिकांचा आश्रय आटत चालला होता, म्हणून त्यांनी विद्यालयांचा मार्ग धरला. १९१८ साली माधवराव शिंदे यांच्या साहाय्याने ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघाले. त्यासाठी ग्वाल्हेरचे गवई नव्या पद्धतीचे शिक्षण घ्यायला आधी मुंबईस पाठवण्यात आले होते. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. पिढीजात गवयांना पगारी अध्यापक करणे, हा त्यांच्यापुरता मोबदल्याचा तोडगा होता. सगळ्यांना तो पुरणारा नव्हता.

लखनौच्या या विद्यालयाचे प्राचार्यपद पुढे दीर्घकाळ भूषवणारे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे भातखंडे यांचे पट्टशिष्य. त्यांच्या शिक्षणाची हकीकत या सगळ्या वादावर प्रकाश टाकते. भातखंडे यांची लिपी, थाट, लक्षणगीते हे सारे त्यांनी गुरूकडून लहानपणीच आत्मसात केले होते. पद्धतीच्या कर्त्याला आपली पद्धत स्वयंपूर्ण वाटत असती तर शिष्याला तेवढ्यावर थांबवता आले असते. तसे झाले नाही. १९१७ च्या सुमारास बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर रातंजनकर आग्रा घराण्याच्या उस्ताद फैयाझ खाँ यांच्याकडे शिकायला गेले आणि गंडा बांधून त्यांनी काही वर्षे घराण्याची तालीम घेतली. ज्याने घराण्यांच्या मनमानीविरुद्ध आयुष्यभर वाद घातला, त्याने आपला सर्वोत्तम शिष्य एका घराण्याच्याच हवाली केला. चौकट आखणारा माणूस चौकटीच्या मर्यादा किती नेमकेपणे ओळखून होता, हे त्याच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा या एका कृतीवरून अधिक कळते.

मात्र त्याच्या अनुयायांविषयी असे म्हणता येत नाही. संगीताचा विषय विद्यापीठांत आला, अभ्यासक्रम ठरले, परीक्षा आल्या, आणि चर्चेसाठी मांडलेली मते उत्तरपत्रिकेतील सत्ये बनली. अमुक रागाचा वादी कोणता, वेळ कोणती, थाट कोणता. तीन गुणांची तीन उत्तरे. भातखंडे यांच्या मराठी ग्रंथांतला शंका काढणारा शिष्य क्रमिक पुस्तकातून नाहीसा झाला आणि केवळ कोष्टक उरले. आम्हां अध्यापकांचा यात मोठा वाटा आहे, कारण कोष्टक तपासायला सोपे असते. अर्थशास्त्रातही मागणीचा नियम पाठ असणारे विद्यार्थी पुष्कळ आणि बाजारात जाऊन तो पडताळणारे थोडे. संगणकाच्या वर्गातही हीच स्थिती होऊ घातली आहे. एका भाषेचे शब्द तोंडपाठ असलेला मुलगा दुसरी भाषा समोर आली की गोंधळतो.

हिंदुस्थानी संगीत पद्धतीचा चौथा भाग १९३२ साली निघाला. १९३३ साली भातखंडे यांना पक्षाघात झाला आणि ते अंथरुणाला खिळले. मालिकेचे दोन भाग अद्याप छापायचे राहिले होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. पाचवा आणि सहावा भाग दुसऱ्या वर्षी, १९३७ साली प्रसिद्ध झाले. मॅरिस कॉलेजला पुढे त्यांचे नाव मिळाले, आणि २०२२ साली त्याचे राज्य विद्यापीठात रूपांतर झाले. रातंजनकरांनी स्वतः नव्या चिजा बांधल्या, काही नवे रागही केले, आणि अभिनव गीतमंजरी या संग्रहात ते छापताना लिपी वापरली ती गुरूचीच: कोमलाखाली आडवी रेघ, तीव्राच्या डोक्यावर उभी.